चाळीस पावलं मागे

सोमवार, १४ नोव्हेंबर १९७७

डॉक्टरांनी रोजची वही लिहायला सांगितली आहे. किती चाललो, कुठं थांबलो, छातीत काही झालं का, एवढंच. मी म्हटलं, साहेब, अठ्ठावीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात बसून लोकांच्या वेळा लिहिल्यात, मला लिहायला काय शिकवता? तर हसले. म्हणाले, "म्हणूनच सांगतो, बिराजदार. दुसऱ्यांच्या पुष्कळ लिहिल्या, आता स्वतःच्या लिहा."

तर लिहितो. बावीस सप्टेंबर, सकाळची पाळी. भोंगा होऊन चार मिनिटं झाली होती. खिडकीत बसल्या जागी छातीत कळ आली आणि मी हजेरीच्या वहीवरच पालथा पडलो. त्यानंतर सात आठवडे अंथरूण. आता दोन जानेवारीला मिलच्या डॉक्टरांपुढं उभं राहायचं आहे. तीन मजल्यांचा जिना न थांबता चढून दाखवायचा. चढलो तर खिडकी माझी, नाही तर चौपन्नाव्या वर्षी घरी. घरी बसून मी काय करू? गंगम्माच्या भाकऱ्या मोजू?

चालायचं कुठं तर कुंभारीच्या अलीकडं फॉरेस्टात. तिथं गोल रस्ता आहे, बहात्तरच्या दुष्काळात बायाबापड्यांनी खडी फोडून केलेला. गार्डाच्या खोलीपासून निघतो आणि तीन मैल फिरून तिथंच येतो. मी म्हटलं, गावात काय रस्ते नाहीत? डॉक्टर म्हणाले, "सात रस्त्याच्या चौकात कुणी ओळखीचा भेटला की तुम्ही भांडता. फॉरेस्टात झाडांशी भांडा."

गंगम्मा सोबत येते म्हणाली. मी नाही म्हटलं. बायकोला मागं घेऊन हिंडायला मी काय आंधळा झालोय?

मंगळवार, १५ नोव्हेंबर

सात रस्त्यावरून सव्वासहाची बस. गार्डाचं नाव हिंदुराव, माणूस बोलका. रस्त्याला दर फर्लांगावर चुना फासलेला दगड, असे चोवीस. मी चौथ्या दगडापर्यंत गेलो आणि परत आलो. एक मैल. कळ नाही.

जंगल म्हणावं असं दाट काही नाही. लिंब, हिवर, बाभळी, खाली तरवड. बाहेरून जनावर शिरू नये म्हणून कडेनं सगळीकडं चर खोदलाय, आणि रस्ता बहुतेक त्या चराला धरूनच जातो. पण माणूस म्हणून दिसत नाही. तित्तर ओरडतात, तेवढंच. बाकी इतकं शांत की स्वतःचं काळीज ऐकू येतं, आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाही. मिलमध्ये यंत्रांच्या आवाजात ते कधी ऐकू आलं नव्हतं. तिसऱ्या दगडाशी वाटलं, एक ठोका चुकला. थांबून नाडी धरली. ठीक होती. मग ठीक कशी काय, म्हणून परत धरली.

शनिवार, १९ नोव्हेंबर

दगड ७ पर्यंत. हिंदुराव म्हणतो, "आप्पा, बारा नंबरपत्तोर भ्या न्हाय, कदीबी मागं फिरता येतंय. बारा वलांडला की मग म्होरं जा न्हाय तर मागं या, सारकंच." त्यानं धीर द्यायला सांगितलं असावं. मी मात्र दिवसभर त्या बारा नंबरचाच विचार करतोय. गोल रस्त्यात हे वाईट आहे. अर्ध्यावर गेलं की घर दोन्हीकडून तितकंच लांब.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी कोटाच्या खिशात असते. दर दगडाला चाचपून बघतो.

सोमवार, २१ नोव्हेंबर

सकाळी भांडण. गंगम्मा म्हणे, शेजारच्या कुणाला तरी तुमच्याबरोबर पाठवते. मी सांगून टाकलं, माझ्यावर कुणी पाळत ठेवलेली कळली तर त्या दिवसापासून चालणंच सोडीन, मग मिल गेली खड्ड्यात आणि मीही. अठ्ठावीस वर्षं मी लोकांवर नजर ठेवली. आता माझ्यावर कुणी ठेवायची? ती पदरानं डोळे पुसत आत गेली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतला नाही. घेता येतच नाही मला.

बुधवार, २३ नोव्हेंबर

काल मंगळवारच्या बाजारातून गंगम्मानं घोंगडं आणलं. घोंगडं चांगलं आहे, पण बाई सकाळी दहाला गेली ती दीडला आली. म्हणे, घोंगडंवाली धनगरीण फार गुणाची, मायाक्का नाव, सांगोल्याकडची. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, सध्या कुंभारीजवळ रानात उतरलाय, मेंढरं खतासाठी शेतकऱ्यांच्या शेतात बसवतात. मी म्हटलं, बरं मग? म्हणाली, काही नाही. एका घोंगड्यापायी साडेतीन तास या दोघी काय बोलल्या असतील ते सिद्धेश्वरालाच ठाऊक.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

आता काठी आली आहे. बाभळीची, आणि मुठीखाली लिंबाएवढी पितळी घंटी चामड्याच्या वादीनं घट्ट बांधलेली. मी म्हटलं, हे काय, मी काय पोतराज आहे? गंगम्मा म्हणते, री, जंगलात साप असतात, आवाजानं बाजूला होतात. (ती माहेरच्या कानडी वळणानं मला 'री' म्हणते. पंचवीस वर्षं झाली, वळण जात नाही.) साप बहिरा असतो असं मी शाळेत शिकलोय, पण बायकोशी वाद घालून नाडी कोण वाढवणार? घेतली काठी. पावलागणिक टण्ण टण्ण. बसमध्ये लोक बघतात.

शिवाय एक फडकं दिलं बांधून, भाकऱ्या आणि शेंगाचटणीचं. म्हणे, गार्डाला द्या, बिचारा एकटा असतो. मी उघडून पाहिलं. पाच भाकऱ्या! एकटा गार्ड सकाळी पाच कडक भाकऱ्या खातो? हिंदुरावनं फडकं घेतलं आणि तोंड वळवून हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

दगड ९.

सोमवार, २८ नोव्हेंबर

माझ्या मागं कुणीतरी चालतंय.

दगड ५ ला थांबून नाडी मोजत होतो तेव्हा मागं खडी वाजली. वळून पाहिलं तर तांबडा फेटा, खांद्यावर घोंगडं. मी बघितल्याबरोबर तो वाकून वहाणेतला काटा काढायला लागला. मी निघालो, तोही निघाला. दगड ८ ला मी मुद्दाम थांबलो, तो थांबला. मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं, चाळीस पावलं. मला अंतराचा अंदाज आहे. गेटपासून खिडकी चाळीस पावलं होती.

आठलाच परत फिरलो. तो रस्ता सोडून झुडपात शिरला आणि मी पुढं गेल्यावर पुन्हा मागं आला.

घरी आल्यावर गंगम्माला काही सांगितलं नाही. घाबरेल उगीच.

बुधवार, ३० नोव्हेंबर

आज त्याला तपासलं. भराभर चाललो, तो भराभर. अगदी रमत चाललो, तो रमत. बसलो दगडावर, तोही उकिडवा बसला, तिकडं तोंड करून तंबाखू मळत. चाळीस पावलं म्हणजे चाळीसच. वेळा लिहून ठेवल्यात: ६.५२ दिसला, ७.१० थांबला, ७.३१ झुडपात, ७.४० परत मागं. अशी माणसं मी खिडकीतून पुष्कळ पाहिली आहेत. सरळ माणूस गेटातून आत येतो. ज्याच्या मनात काही असतं तो रेंगाळतो.

एवढ्या भीतीत दगड ११ झाला. म्हणजे भीतीनं चालणं वाढतं, हे डॉक्टरांना सांगायला हवं.

शुक्रवार, २ डिसेंबर

धीर करून त्याच्याकडं चालत गेलो. माझ्याआधी काठीची घंटी पोचली.

"माझ्या मागं का येतोस?"

"कोन, मी?" चाळिशीचा असेल. दाढी वाढलेली, डोळे बारीक. "मी कशाला येतोय तुमच्या मागं? मेंढरं हितंच हायती की."

"कुठं आहेत मेंढरं?"

"मायाक्काकडं... म्हंजी हायती, चराच्या पल्याड. तुमी चाला की आप्पा. उनं वाढायच्या आत चाला. आज तुमी लई वेळ बसला पाच नंबरला."

म्हणजे मी कुठं किती बसतो हे त्याच्या ध्यानात आहे. कशासाठी? घड्याळ, अंगठी, पाकीट, दुसरं काय? परत येताना इतकी धाप लागली की डबी काढून हातात धरली. गोळी घेतली नाही.

आज गडबडीत आधीच्या पानाकडं लक्ष गेलं. मायाक्का हे नाव मी कुठंतरी लिहिलं होतं. धनगरांत घरटी एक मायाक्का असते.

सोमवार, ५ डिसेंबर

झोप नीट नाही. पहाटे एक जुनी गोष्ट आठवली आणि घाम आला.

एकोणसत्तर साल. सूतखात्यात कोंडीबा म्हणून एक होता. महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला, चार मिनिटं. खिडकीशी येऊन हात जोडले. म्हणाला, आप्पा, बायको बाळंतीण हाय, तेवढी चार मिनटं खोडा. मी म्हटलं, लिहिलेली वेळ खोडता येत नाही. नियमच होता तो, मी काही मनचं बोललो नाही. त्याची नोकरी गेली. जाताना नुसता बघून गेला.

या धनगराचं कपाळ तसंच आहे. भाऊ असेल, मेहुणा असेल. आठ वर्षं माणूस कुणाचा डूख धरेल का? मी धरला असता.

खोडायला हवी होती का ती चार मिनिटं? इथं लिहायला काय हरकत आहे, डॉक्टर थोडेच एवढं वाचणार. हवी होती.

गुरुवार, ८ डिसेंबर

चोवीसच्या चोवीस दगड! पूर्ण फेरी, एक तास बत्तीस मिनिटं. तीन वेळा थांबलो, पण कळ नाही.

बारा नंबर ओलांडताना एकदा मागं बघून घेतलं. पुढं सतरा नंबरला रस्ता ओढ्यात उतरतो, दोन्हीकडं घाणेरीची झुडपं, हाक मारली तर कुणाला जाणार नाही. मारायचंच तर हीच जागा. मी तिथून जवळजवळ पळालो, आणि मागं त्याची पावलंही पळाली, वर ओरडला, "आप्पा, दमानं! दमानं!" चोर दमानं घ्यायला सांगतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी गंगम्माला फेरीचं सांगितलं तर म्हणाली, "हो ना, आणि सतरा नंबरला पळू नका पुढच्या वेळी." मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, तुम्हीच आत्ता. मी सांगितलं होतं का? धांदलीत सांगितलं असेल.

उद्यापासून घड्याळ, पाकीट, अंगठी घरी. खिसे रिकामे करून जायचं.

शनिवार, १० डिसेंबर

आज निकाल लावला. हिंदुरावला सांगितलं, हा धनगर चराईला बंदी असलेल्या लागवडीत शिरतो, याला बाहेर काढ.

हिंदुराव डोकं खाजवायला लागला. "आप्पा, त्यो चारत न्हाय वो. मेंढरं त्याची बायको भाईर राखती. सिद्धनाथ लई सरळ गडी हाय."

"मग आत कशाला येतो?"

"आता काय सांगू तुमाला... तुमी आदी वैनीला इचारा."

"वैनीचा काय संबंध? जंगल काय तिच्या माहेरचं आहे?"

मग मी खिशातून अर्ज काढला. घरूनच लिहून नेला होता, फॉरेस्टच्या साहेबांच्या नावे, तारखा आणि वेळांसकट. पाहून त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "कागदच आणलाय व्हय. मग माझा इलाज न्हाय." तरी मी त्याच्यावर सोडलं नाही. येताना स्वतः त्यांच्या कचेरीत देऊन आलो.

गंगम्माला सांगितल्यावर ती मटकन खाली बसली. "अहो, गरीब माणूस तो, त्यानं तुमचं काय घोडं मारलंय? अर्ज परत घ्या." मी आवाज चढवला. माझा हात छातीकडं गेला तशी तिनं बोलणं अर्धवट सोडून पाणी आणून दिलं. बायकांना जगातल्या सगळ्यांची दया येते, नवऱ्याची सोडून.

सोमवार, १२ डिसेंबर

आज मागं कुणी नाही. वीस वेळा वळून पाहिलं. चराच्या पलीकडं मेंढरं दिसली, कुत्रं दिसलं, आणि तो तांबडा फेटा. मी जसा पुढं जाईन तसा बाहेरून पुढं सरकत होता. बाहेर आहे ना, मग मला काय? गंगम्मानं आज फडक्यात भाकऱ्या दिल्या नाहीत.

पूर्ण फेरी. दोनदाच थांबलो. मोकळं वाटायला हवं होतं. ओढ्यात उतरताना मात्र वाटलं, आज खरोखर कुणी नाही.

मंगळवार, १३ डिसेंबर

ठरवलं, काठीची घंटी काढायची. आपण कुठं आहोत हे आपणच का वाजवत जायचं? तो पलीकडून ऐकत असेल. वादीची गाठ सुटेना. असली गाठ मी पाहिली नाही. शेवटी चाकूनं कापली आणि घंटी फडताळात टाकली. गंगम्मा बाजाराला गेली होती, तिला दिसलं नाही.

दोन जानेवारीला वीस दिवस राहिले.

गुरुवार, २९ डिसेंबर

परवा दवाखान्यातून घरी आणलं. लिहायला परवानगी आहे, बोलायला थोडी.

चौदा तारखेचं लिहितो. नेहमीसारखे खिसे रिकामे केले. घड्याळ, पाकीट, अंगठी फळीवर ठेवली, आणि त्याच हातानं गोळ्यांची डबीही ठेवली. चोराला काही मिळू नये म्हणून माझंच औषध मी घरी ठेवलं. हे बसमध्येही कळलं नाही, गार्डाच्या खोलीशीही नाही. कळलं ते सतरा नंबरला, ओढ्यात, जेव्हा डावा हात जड झाला आणि उजवा खिशात गेला.

बसलो. मग बसवेना, आडवा झालो. हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. आठवतं ते एवढंच की खडी बोचत होती आणि मला राग येत होता, मरायला हीच जागा का? गंगम्माला वाटेल, रागानं गेलो. तेवढा एक विचार पुन्हा पुन्हा येत होता.

मग पावलं आली. पळत, आणि समोरून, उलट्या बाजूनं. तांबडा फेटा. मी मनाशी म्हटलं, संपलं, कोंडीबाचा माणूस आला. त्यानं गुडघा टेकला, फेट्याचं टोक ओढलं, त्यातली गाठ दातांनी सोडली. आत कागद, कागदात गोळी. माझीच. पिवळी, बारकी, तीच. अंगठ्यानं माझं तोंड उघडून जिभेखाली ठेवली आणि म्हणाला, "गिळू नगा. वैनी म्हनल्यात गिळायची न्हाय."

मग मला घोंगड्यात गुंडाळून पाठीवर घेतलं. सात फर्लांग. त्याच्या मानेला मेंढरांचा वास येत होता. हिंदुरावनं अक्कलकोट रस्त्यावर लॉरी थांबवली म्हणे, ते मला आठवत नाही.

शनिवार, ३१ डिसेंबर

गंगम्मानं आज सगळं सांगितलं. उशाशी बसली होती, माझ्याकडं न बघता भिंतीशी बोलत होती.

बाजारात मायाक्काजवळ ती रडली होती. मायाक्का म्हणाली, आमचा धनी चालंल की मागनं, त्यात काय. पाच भाकऱ्या ठरल्या. हिंदुरावला विश्वासात घेतलं, तो रोज दुधवाल्याबरोबर तिला निरोप धाडायचा. गोळ्या कशा द्यायच्या ते तिनं सिद्धनाथला बाजारात बसून शिकवलं, तीन वेळा म्हणवून घेतलं. आणि पाच भाकऱ्या रोज बसमधून मांडीवर घेऊन कोण जात होतं? मी.

"मग अर्ज दिला तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलायला लागले तर तुमचा हात छातीवर. आणि तुम्हीच म्हणालात ना, पाळत कळली तर चालणं सोडीन." मग म्हणाली, "वाटलं, बाहेरून का होईना, ऐकतोय तो घंटी. निभेल वीस दिवस."

घंटी त्याच्या कळपात पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यातली होती. धनगर दुखणाईत मेंढराच्या गळ्यात घंटी बांधतात. वाजते तोवर चालतंय. थांबली की जाऊन बघायचं. चौदा तारखेला मी आत शिरल्यापासून ती वाजलीच नाही. सिद्धनाथनं दहाव्या दगडापर्यंत बाहेरून कान दिला, मग बंदीबिंदी न बघता चरात उडी टाकली आणि समोरून गाठावं म्हणून जंगल आडवं कापून पळत सुटला.

मी तोंड भिंतीकडं केलं. या वयात रडणं बरं दिसत नाही, पण आलं.

सोमवार, २ जानेवारी १९७८

सकाळी मिलचा भोंगा ऐकला. आज जिना चढायचा होता. डॉक्टर म्हणतात आता तीन महिने जिन्याचं नावही काढू नका, आणि खिडकी विसरा. मिलला तसं कळवलंय. वीस दिवस नीट चाललो असतो तर आज चढलो असतो. कुणाला बोल लावू? अर्ज माझा, चाकू माझा.

मंगळवार, १० जानेवारी

गंगम्मा बाजारातून आली ती बातमी घेऊनच. वाडा पुढच्या मंगळवारी हलणार. सिद्धनाथ बंदी असताना आत शिरला हे खरंच होतं, आणि अर्ज होता. मग नियमाप्रमाणं फॉरेस्टाच्या कडेला मेंढरं बसवायची नाहीत असं ठरलं. शेतमालकानंही हात वर केले. माघ संपेपर्यंत त्यांना तिथं चारा होता.

रिक्षा करून कचेरीत गेलो. खिडकीत एक तरुण कारकून होता. त्याला सगळं सांगितलं, अगदी फेट्यातल्या गोळीसकट. भला पोरगा, त्याचे डोळे ओले झाले. पण म्हणाला, "आप्पा, कागद आवक झालाय, नंबर पडलाय. लिहिलेलं मला खोडता येत नाही हो."

मी बराच वेळ खिडकीच्या या बाजूला उभा होतो. या बाजूनं खिडकी उंच वाटते. मग त्याच्याकडूनच कोरा कागद मागितला आणि लिहून दिलं की अर्ज चुकीचा होता आणि या माणसानं माझा जीव वाचवला. तोही आवक झाला. पण तोवर शेतमालकानं दुसऱ्याला रान दिलं होतं.

मंगळवार, १७ जानेवारी

गंगम्मा आणि मी सकाळच्या बसनं कुंभारीला गेलो. भाकऱ्या, शेंगाचटणी, तिळगूळ आणि घंटी. भाकऱ्या मी मोजल्या नाहीत.

मायाक्का घोड्यावर भांडीकुंडी बांधत होती. सिद्धनाथ जाळीतून मेंढरं बाहेर काढत होता. वाटेत बोलायचं सगळं ठरवून गेलो होतो, ते कुठं गेलं कळेना. नुसतं म्हटलं, "चुकलं माझं." अठ्ठावीस वर्षांत खिडकीतून हे दोन शब्द कधी बाहेर पडले नव्हते.

तो म्हणाला, "दुकनाईत जनावर लाथ मारतंच की, आप्पा. त्याचा कोन राग धरतंय?"

"तू कोंडीबाचा कोण?"

"कोन कोंडीबा?"

मी म्हटलं, कुणी नाही. मग विचारलं, मागं चालायचं ते चाळीस पावलंच का? बरोबर चालला असतास तर मी एवढा भ्यालो नसतो. तो हसला. "आजारी मेंढराच्या म्होरं चालू न्हाय, संगं बी चालू न्हाय. आपल्या पायावर पाय टाकायला बघतंय आन् दमून मरतंय. मागं ऱ्हायचं. त्याला त्याच्या चालीनं जाऊ द्यायचं."

घंटी पुढं केली. पुढच्या मेंढीच्या गळ्यात रिकामा पट्टा तसाच होता. त्यानं घंटी घेतली, माझी काठी मागितली, आणि मी कापलेल्या वादीच्या जागी नवी वादी घालून तिथंच बांधली. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. अजून बरं न्हाय झाला तुमी."

निघाले. मायाक्का घोड्याबरोबर पुढं, मधे मेंढरं, सर्वांत मागं सिद्धनाथ आणि एक लंगडणारी मेंढी. मी म्हटलं, शिवेपर्यंत येतो. गंगम्मानं नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तीही निघाली.

मी त्याच्या मागं चाललो, अंतर राखून. घंटी वाजत होती. लिंबाखाली दम लागला, थांबलो. पुढचा धुरळाही थांबला. मी निघालो तसा धुरळा हलला. विहिरीशी पुन्हा थांबलो, पुन्हा तेच. एकदाही त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

अर्धा मैल चालायला पाऊण तास लागला. शिवेच्या दगडाशी मी बसलो आणि ते दिसेनासे होईपर्यंत बसून राहिलो. गंगम्मा शेजारी टेकली.

"री, मेंढरं कधी इतकी हळू चालतात होय?"

मी म्हटलं, "कळपात एक लंगडी आहे ना, म्हणून."

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या कोटावरची धूळ झटकली. "दिसायलीय मला."